एक्स-रे साफ, तरी घोडा लंगडतोच

पाय सुजलेला नाही, जखम नाही, खुरात खिळा-काटा दिसत नाही. डॉक्टरांनी सगळीकडे दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, तोही साफ आला. घोडा मात्र तबेल्याबाहेर काढला की पाय धरतो. आठ दिवस बांधून ठेवला की बरा वाटतो आणि खोगीर चढवलं की पुन्हा तेच सुरू. माथेरान-महाबळेश्वरचे घोडेवाले, वरातीला घोडी देणारे, रेसकोर्सवरचे ट्रेनर, हौसेनं दारात एक काठेवाडी बांधणारा शेतकरी, या सगळ्यांना हे कोडं कधी ना कधी पडतं. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो नस चढली, दुसरा म्हणतो खांदा उतरला, तिसरा डाग द्यायला सांगतो. चौथा काही बोलत नाही, फक्त घोड्याची किंमत विचारतो.

माझं म्हणणं असं की, ‘कारण सापडत नाही’ अशा बहुतेक घोड्यांमध्ये कारण असतं तिथेच असतं. शोध चुकीच्या पायापासून सुरू झालेला असतो, नाहीतर मधली एखादी पायरी गाळलेली असते. थोड्या घोड्यांमध्ये सगळं नीट करूनही उत्तर हाती येत नाही. त्यांचं काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे नंतर येऊ.

घोडा उभा कशावर असतो

घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरं तर त्याचं मनगट. त्याखालचा लांब भाग म्हणजे आपल्या तळहातातलं एक हाड, आणि सगळ्यात खाली एकच बोट, आपल्या मधल्या बोटाच्या जागचं. त्या बोटाचं नख म्हणजे खूर. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर चार नखांवर उभं असतं, पळतं आणि वर माणूस घेऊन चढ चढतं.

या मनगटाखाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडं, कातडी आणि दोरखंडासारख्या कंडरा. स्नायूचं टोक हाडाला बांधणारा हा चिवट पट्टा म्हणजे कंडरा. घोडेवाले त्यालाच ‘नस’ म्हणतात. वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, कारण मान आणि डोकं पुढे आहे. म्हणून लंगडणं पुढच्या पायांत जास्त आढळतं आणि पुढच्या पायात दुखणं असलं तर ते बहुधा खुरात असतं.

खुराची अडचण अशी की तो टणक आहे. आत रक्त साकळलं, पू झाला किंवा सूज आली, तरी बाहेरून फुगायला जागाच नसते. दाब आतल्या आत वाढतो, जनावराचा जीव कासावीस होतो आणि बघणाऱ्याला धडधाकट पाय दिसतो. ‘बाहेरून काहीच दिसत नाही’ हे ऐकलं की अनुभवी माणूस म्हणूनच आधी खूर उचलतो.

लंगडतो खरा, पण कुठल्या पायाने?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण निम्मी गडबड इथेच होते.

घोडा नुसता चालवला तर हलकं लंगडणं कळत नाही. त्याला दुडकी चालवावं लागतं. दुडकीत समोरासमोरचे तिरके पाय जोडीनं पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. ठेका एकसारखा असतो, म्हणून त्यातली खोट उठून दिसते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. चांगला पाय टेकताना डोकं खाली येतं. डोकं खाली जाताना जो पाय जमिनीवर आहे तो चांगला, हे एवढं पाठ झालं तरी पुष्कळ झालं. बरेच जण याच्या उलट समजून चांगल्या पायावर महिनाभर लेप लावत बसतात.

मागच्या पायाचं दुखणं असेल तर डोक्याऐवजी पुठ्ठ्याकडे, म्हणजे शेपटीपुढच्या फुगीर भागाकडे, पाहायचं. दुखऱ्या बाजूचं पुठ्ठं दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वर-खाली होतं. इथे एक चकवा आहे. मागचा डावा पाय दुखत असला की तो टेकताना घोडा भार पुढे ढकलतो आणि डोकं खाली झुकवतो. त्या क्षणी जमिनीवर पुढचा उजवा असतो. पाहणारा नियमानं म्हणतो, ‘उजव्यावर डोकं खाली गेलं, म्हणजे पुढचा डावा दुखतोय.’ दुखणं त्याच बाजूच्या मागच्या पायात, आणि एक्स-रे निघतो पुढच्या पायाचा. तो साफ येणारच.

दुसरा चकवा याहून अवघड. पुढचे दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही, कारण भार टाकायला चांगला पाय उरलेला नसतो. घोडा फक्त पावलं आखडती टाकतो, उतारावर कुचकामी होतो, वळताना अडखळतो. मालक म्हणतो, ‘आळशी झालाय.’

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांपैकी पुष्कळ रेवाल चालीचे असतात, म्हणजे तिरक्या जोडीऐवजी एकाच बाजूचे पाय जवळजवळ जोडीनं टाकतात. ती चाल स्वाराला सुखाची, पण वरचं गणित दुडकीसाठीच आहे आणि रेवाल चालीत तसं बसत नाही. अशा घोड्याला थोडं प्रयत्नानं दुडकीत आणूनच पाहावं लागतं.

डोळ्यांचा फार भरवसा धरू नये. लंगडणं हलकं असलं की मुरलेले अश्ववैद्यसुद्धा कुठला पाय यावर एकमत होत नाहीत, हे त्यांच्याच अभ्यासांत दिसून आलेलं आहे. आपल्या हातात मात्र आता एक चांगलं साधन आहे, मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा. घोडा कठीण सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवायचा, दोर सैल धरायचा. दोर आखडून धरला तर डोकं हलणारच नाही आणि सगळा खटाटोप वाया. समोरून, मागून आणि बाजूनं चित्रण करायचं, मग गोलात डावीकडे आणि उजवीकडे, मग मऊ जमिनीवर. कठीण जमिनीवर लंगडणं वाढलं तर खूर किंवा हाडाचा संशय जास्त. मऊ, खोल वाळूत वाढलं तर कंडरा आणि सांध्याच्या बंधांचा. हा पक्का नियम नाही, पण डॉक्टरांना दाखवायला यापेक्षा उपयोगी वस्तू तुमच्याकडे दुसरी नसेल.

डॉक्टर लंगडण्याला बहुधा शून्य ते पाच असे अंक देतात. शून्य म्हणजे ठीक, तीन म्हणजे दुडकीत दर वेळी दिसणारं, पाच म्हणजे पाय टेकवायलाच नकार. आपला घोडा आज कितीवर आहे हे विचारून लिहून ठेवावं. ‘जरा बरा आहे’ या वाक्यातून पंधरा दिवसांनी काहीच कळत नाही.

आधी खूर, मग बाकी सगळं

काल ठणठणीत असलेला घोडा आज तीन पायांवर उभा आहे, पाय जमिनीला लावायला तयार नाही, असं दिसलं की मालकाला वाटतं हाड मोडलं. कधी कधी ते खरंही असतं, म्हणून डॉक्टर येईपर्यंत त्याला चालवू नये. पण अशा अचानक आणि जबर लंगडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण खुराच्या आतला पू हेच आहे. तळव्याच्या एखाद्या बारीक भेगेतून घाण आत जाते, पू साचतो आणि वाट शोधत वर सरकतो. काही वेळा तो खूर आणि केस यांच्या सीमेवर फुटतो. फुटला की घोडा दुसऱ्या दिवशी जवळजवळ बरा. तोवर एक्स-रेत काहीही दिसलं नसण्याची शक्यता भरपूर.

आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरचे महिने याला पोषक. खूर महिनोन्‌महिने ओला राहतो, मऊ पडतो, मग एकदम वाळून तडकतो. तबेल्यात लीद आणि मूत साचलेलं असेल तर विचारूच नका.

घरच्या घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही कडांना, बोटांच्या टोकांनी नाडी लागते. एरवी ती इतकी मंद असते की शोधावी लागते. खुरात दाह असेल तर ती ठणठण उडताना कळते. दोन्ही पाय ताडून पाहायचे, हाताच्या पाठीनं खुराची ऊबही ताडून पाहायची. ऊन खात उभ्या असलेल्या घोड्याचे चारही खूर गरम लागतात, म्हणून हे सकाळी सावलीत करावं. घोडा चांगला असतानाच या नाडीची ओळख करून घेतली तर बिघाड झाल्यावर फरक कळतो.

नंतर नालबंद. नालेचा खिळा खुराच्या मृत भागातून जायला हवा. तो जरा आत, जिवंत भागाजवळ गेला तर लगेच रक्त येईलच असं नाही. खिळा आतून दाबत राहतो आणि दोन-चार दिवसांनी घोडा लंगडू लागतो. म्हणून डॉक्टरांना पहिली माहिती द्यायची ती नाल कधी मारली याची. लोखंडी चिमट्यानं खुराच्या कडेनं थोडं-थोडं दाबत गेलं की दुखऱ्या जागी घोडा पाय ओढून घेतो. पू असेल तर तिथं कोरून वाट करून देणं, शेक, पट्टी आणि धनुर्वाताची लस. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, त्यामुळे या लसीत कंजुषी करण्यात अर्थ नाही. कोरणं मात्र बेताचं हवं. उत्साहाच्या भरात तळव्याला मोठं भगदाड पाडलं तर पू बरा आणि खूर महिनोन्‌महिने दुखरा अशी गत होते. खूर महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे पुढचा भाग पूर्ण नवा यायला वर्ष लागू शकतं.

नाल सहा आठवड्यांच्या आसपास बदलली पाहिजे, ती झिजली नसली तरीही. खूर वाढत राहतो, नाल वाढत नाही, आणि लांबलेला खूर कंडरेवर ताण देतो. ‘नाल अजून चांगली आहे’ म्हणून चार महिने चालवणं ही काटकसर महागात पडते. रस्त्याचंही पाहावं लागतं. डांबरावर रात्र-रात्र नाचवलेली वरातीची घोडी आणि मातीच्या वाटेवर चालणारा घोडा यांच्या खुरांना सारखाच मार बसत नाही. माथेरानला पेव्हर ब्लॉकवरून जो वाद झाला, त्यात घोडे घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार होती.

खुरातलं एक दुखणं मात्र ताबडतोब डॉक्टर बोलवावा असं: लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला ज्या बारीक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं, ते पापुद्रे बिघडतात. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहतो आणि वळायला सांगितलं की कण्हतो. धान्याच्या पोत्याला तोंड लागणं, व्यायल्यावर वार आत राहणं, अंगावर चरबी चढलेली असणं, ही त्याची नेहमीची कारणं. एका पायाचं दुखणं लांबलं की दुसऱ्या पायावर सतत भार येऊन त्या चांगल्या पायातही हे होऊ शकतं. ‘उभा आहे ना, बघू उद्या’ हे वाक्य इथे घोड्याचा जीव घेऊ शकतं. उशीर झाला तर आतलं हाड फिरतं, खाली सरकतं.

एक्स-रे साफ म्हणजे नेमकं काय साफ?

एक्स-रेत हाड दिसतं. कंडरा, सांध्याचे बंध, कूर्चा (सांध्यातलं मऊ हाड) यांची इजा त्यात थेट दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते आणि घोड्याच्या पायाची सोनोग्राफी वाचणारा माणूसही लागतो. खुराच्या आतल्या कंडरेपर्यंत तर सोनोग्राफीही नीट पोचत नाही, कारण वर टणक खूर आहे. तिथे एमआरआय उपयोगी पडतो, पण घोड्याचा एमआरआय सर्वसामान्य मालकाच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

हाडाचंही असं की केसासारखी बारीक चीर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. हाड झिजत असेल तर त्यातलं खनिज बऱ्यापैकी, साधारण तिसरा हिस्सा तरी, कमी झाल्यावरच चित्रात फरक कळतो. शर्यतीच्या घोड्यांत रोजच्या ताणानं पडणाऱ्या बारीक चिरा अशाच लपून राहतात. म्हणून पहिला एक्स-रे साफ असूनही संशय पक्का असेल तर डॉक्टर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढायला सांगतात. तो खर्च उकळण्याचा डाव नसतो. तोपर्यंत चिरेच्या कडा विरून ती दिसू लागते.

याची उलट बाजूही लक्षात घ्यावी. बारा वर्षांच्या कामकरी घोड्याचे चारही पाय एक्स-रेत पाहिले तर कुठे ना कुठे काही तरी वाकडं सापडणारच. ते दिसलं म्हणून तेच दुखतंय असं होत नाही. खुराच्या मागच्या भागात नाविक्युलर नावाचं छोटं हाड असतं. त्याचं चित्र वाईट असूनही मजेत पळणारे घोडे आहेत, आणि चित्र चांगलं असूनही तिथेच दुखणारे घोडे आहेत.

दुखण्याची जागा पकडायची तर ती बधिर करून पाहायची

मग दुखणं नेमकं कुठे ते कळायचं कसं? इथे अश्ववैद्यकातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती येते, आणि आपल्याकडे नेमकी हीच पायरी सर्रास गाळली जाते.

घरात मेन स्विच सारखा पडत असेल तर वायरमन काय करतो? भिंती फोडत नाही. एकेक खोलीची लाइन बंद करून पाहतो. जी लाइन बंद केल्यावर मेन पडायचा थांबतो, दोष त्या लाइनीत. डॉक्टरही तेच करतात. दात काढताना देतात तशा भुलीच्या औषधाचं छोटं इंजेक्शन पायाच्या अगदी खालच्या नसेजवळ दिलं जातं. ही नस म्हणजे संवेदना नेणारी, घोडेवाल्यांची कंडरा नव्हे. पाच-दहा मिनिटांत खुराचा मागचा भाग बधिर होतो. घोडा पुन्हा दुडकी चालवायचा. लंगडणं गेलं, तर दुखणं त्या भागात. नाही गेलं, तर एक पायरी वर, मग आणखी वर. खालून वर जाण्याचा हा क्रम मोडायचा नाही, कारण वरची नस बधिर केली की खालचं सगळंच बधिर होतं आणि पुढं काही कळत नाही.

मघाशी दोन्ही पाय दुखणाऱ्या ‘आळशी’ घोड्याचं सांगितलं, त्याचं बिंग इथे फुटतं. एक पाय बधिर केला की घोडा एकदम दुसऱ्या पायानं स्पष्ट लंगडू लागतो.

इथे मालक हमखास विचारतो, ‘सुईनं एवढा छान चालतो, तर सुईच देत जा की!’ औषध एक-दोन तासांत उतरतं, हे झालंच; मुख्य म्हणजे दुखणं हेच त्या पायाला सांभाळत असतं. बधिर पायावर घोडा बिनधास्त पूर्ण भार टाकेल आणि बारीक चिरेचं मोडलेलं हाड होईल. त्यामुळेच हाड चिरल्याचा संशय असेल तर चांगला डॉक्टर ही चाचणी करायचंच टाळतो. तुमचा डॉक्टर नाही म्हणाला तर त्याला अनाडी समजू नका.

सांधा मिनिटभर घट्ट दुमडून धरायचा आणि लगेच पळवायचं, ही चाचणीही तुम्ही पाहिली असेल. ती उपयोगी आहे, पण जोर लावून दुमडलं तर चांगला घोडाही चार पावलं लंगडतो. तिच्या एकटीच्या भरवशावर निदान करू नये.

दुखणं पायात नसेलच तर?

सगळे खूर पाहिले, बधिर करूनही पाहिलं, तरी चाल वाकडीच. आता पायांवरून नजर काढायची.

पाठीवरून हात फिरवा. खोगीर एका बाजूला झुकलेलं, आतली गादी दबलेली, वर बसणारे पर्यटक पोत्यासारखे एका अंगाला कललेले. महिनोन्‌महिने असं झालं की घोडा पाठ ताठ धरतो आणि मागची पावलं आखडतो. खोगिराशिवाय चाल सुधारते का, एवढं पाहायला पैसे पडत नाहीत.

मागचा पाय अचानक सरळ ताठ होऊन मागे ओढला जातो आणि झटक्यानं सुटतो, असं असेल तर गुडघ्याची वाटी अडकत असते. मागच्या पायाचा गुडघा खराखुरा, आपल्यासारखा, वाटी असलेला. तरुण, रोडावलेल्या, सरळ पायांच्या घोड्यांत हे जास्त. यात दुखणं फारसं नसतं, म्हणून वेदनाशामकाचा काही परिणाम होत नाही. आणि इथे तबेल्यात बांधून आराम देणं हाच अपाय. मांडीचे स्नायू भरून आले की पुष्कळ घोडे बरे होतात, म्हणजे खाऊ घालायचं आणि बेताबेतानं चढावर चालवायचं. नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया आहे.

सुट्टीनंतर भरपेट दाण्यावर असलेला घोडा कामाला काढताच पुठ्ठे दगडासारखे होतात, घाम फुटतो, लघवी तपकिरी होते. हे लंगडणं नव्हे, स्नायू फुटताहेत. जागच्या जागी थांबवा आणि डॉक्टर बोलवा.

आपल्या देशात विसरू नये असा एक आजार म्हणजे सर्रा. रक्तातला परजीवी, चावणाऱ्या मोठ्या माश्यांमधून पसरतो, पावसाळ्याच्या मागेपुढे जास्त. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. ताप येतो-जातो, घोडा खाऊनही खंगतो, पायांना आणि पोटाखाली सूज येते, मागचा भाग झोलतो. मालकाला वाटतं कमरेत मार बसलाय. नुसत्या काचपट्टीवर रक्त पाहून तो दर वेळी सापडत नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याच्या पुढच्या तपासण्या होतात. झोलणारा घोडा आणि लंगडणारा घोडा यांतला फरक पाहायचा तर त्याला अगदी लहान गोलात वळवा. लंगडणारा दर पावलाला तीच चूक करतो, झोलणाऱ्याचं प्रत्येक पाऊल वेगळ्या जागी पडतं.

पायावर गाठींची रांग उठून त्या फुटत असतील, नाकातून चिकट स्राव असेल, तर उघड्या हातानं शिवू नका. तो ग्लँडर्स असू शकतो, माणसाला होतो, आणि सरकारी दवाखान्याला कळवणं बंधनकारक आहे.

‘नाटक करतो’, ‘डाग द्या’, ‘पूर्वी असं नव्हतं’

घोडा नाटक करतो का? काम टाळायला तो अडतो, मागे सरतो, खोगीर पाहून कान पाडतो. पण दर दुडकीला त्याच पायावर तेवढंच डोकं उचलत राहणं त्याला ठरवून जमत नाही. उलट दुखणं लपवणं हाच त्याचा स्वभाव. कळपात लंगडणारं जनावर आधी मारलं जातं. ज्याचं लंगडणं आपल्याला दिसतंय, त्याचं दुखणं बहुधा दिसतंय त्याहून जास्तच असतं.

डाग देण्याबद्दल जुनी माणसं ठामपणे सांगतात की आम्ही शेकडो घोडे असे बरे केले. बरे झाले हे खरं, पण डागल्यावर त्यांना महिनोन्‌महिने कामाला लावत नसत. गुण त्या विश्रांतीचा. १९८३ साली ब्रिटनमध्ये या विषयावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कंडरेच्या इजेला डागण्यानं काही फायदा आढळला नाही. तापलेल्या लोखंडाचा चटका मात्र खराच असतो.

आराम किती, गोळी किती

‘आराम दिला’ याचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडी वेगळा. कुणी चार दिवस बांधतो, कुणी रानात मोकळा सोडतो आणि तिथे तो मनसोक्त उधळतो. खुराचा पू दिवसांत बरा होतो, तळव्याचा मुका मार आठवड्यांत. कंडरा मोठ्या प्रमाणात फाटली असेल तर नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि त्यातला बराच काळ हातानं धरून रोज थोडं-थोडं वाढवत चालवण्याचा असतो. सूज उतरते पहिल्या महिन्यात, लंगडणं थांबतं दुसऱ्यात, आणि मालक तिसऱ्यात स्वारीला काढतो. कंडरा पुन्हा फाटते ती इथे.

वेदनाशामक औषधाचा निदानासाठीही उपयोग होतो. डॉक्टरांच्या देखरेखीत काही दिवस देऊन चाल सुधारली तर कारण वेदनेचं आहे, एवढं कळतं. सुधारली नाही म्हणून वेदना नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही. पण काम करून घेण्यासाठी रोज गोळी दिली तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. मेडिकलमधून आपल्या मनानं आणून तर मुळीच नको. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरत होती. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे, पण घोड्याला काय आणि किती द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं.

तरीही उत्तर मिळालं नाही, तर

सगळ्यांना सगळ्या तपासण्या परवडत नाहीत. ज्याचं घर एका घोड्यावर चालतं त्याला एमआरआयच्या गोष्टी सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून क्रम खर्चाप्रमाणे लावावा. मोबाइलचं चित्रण फुकट. नाल काढून खूर नीट पाहणं जवळपास फुकट. रक्त तपासणी त्यानंतर. हाड चिरल्याचा संशय नसेल तर बधिर करून पाहणं एक्स-रेच्या आधी, म्हणजे एक्स-रे योग्य जागेचा निघतो आणि चार जागांचे पैसे वाचतात. गावात घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या जागी चित्रण आणि नोंदी घेऊन गेलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

एवढं करूनही कारण हाती लागलं नाही तर घोड्याला ठरावीक मुदतीची विश्रांती द्यावी. मुदत आधीच ठरवायची, समजा सहा आठवडे. मोकळं पण उधळता येणार नाही असं छोटं आवार, नीट कापलेला खूर, कमी दाणा, जास्त चारा. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी, तसंच चित्रण. मुदत संपली की पहिलं आणि शेवटचं चित्रण शेजारी ठेवून पाहायचं. सुधारणा असेल तर आणखी मुदत. बिघाड असेल तर आता जागा जास्त स्पष्ट दिसेल आणि थांबलेली तपासणी तिथून पुढे नेता येईल. काहीच फरक नसेल तर निर्णय कामाचा: पूर्वीचं काम हा घोडा करणार नाही. हलकं, सपाटीवरचं, कमी वजनाचं काम डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले तरच. कायदाही इथे स्पष्ट आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार आजार, जखम, अशक्तपणा किंवा वय यांमुळे कामाला असमर्थ झालेलं जनावर जुंपणं हा गुन्हा आहे.

‘मग पोसायचं कुणी?’ या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. घोडी असेल तर पैदाशीचा मार्ग असतो, पण पायांची ठेवण आणि काही दोष पिल्लात उतरतात, तेही पाहावं लागतं. काहींना विश्रांतीसाठी जागा मिळते. आणि वेदना आवरतच नसेल, घोडा आडवा पडून उठत नसेल, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं बाजारात ढकलण्यापेक्षा बरं. हे म्हणायला जड जातं, पण बाजारात तो पुढच्या माणसाकडे गोळीवर चालत राहतो.

विकत घेताना

सारंगखेडा, माळेगाव इथल्या बाजारांत लाखांचे व्यवहार तासाभरात होतात. घोडा सजवलेला असतो, ढोल वाजत असतो, तो मागच्या पायांवर नाचतो आणि गर्दी टाळ्या वाजवते. नाचणाऱ्या घोड्याचं लंगडणं दिसत नाही. त्याला मोकळ्या कठीण जमिनीवर, सैल दोरावर, दुडकी चालवायला सांगा, मग दोन्ही बाजूंनी लहान गोलात. विकणारा ‘अहो, हा रेवाल आहे, दुडकी येत नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. चारही खूर उचलून पाहा, नाल अगदी नवी असेल तर का ते विचारा, पायाच्या खालच्या भागात सुईची ताजी खूण आहे का पाहा. दुसऱ्या दिवशी पहाटे, न कळवता, घोडा तबेल्यातून पहिलं पाऊल बाहेर टाकतो तेव्हा तिथे असा. भुलीचं इंजेक्शन रात्रीत उतरलेलं असतं. वेदनाशामकाचा असर मात्र जास्त टिकतो, म्हणून मोठी रक्कम देणार असाल तर डॉक्टरकडून रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा. नमुन्याचं नाव काढल्यावर विकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, तेही पाहून घ्या.